नऊ मीटर खालची किल्ली

प्रिय बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र. आत्या सांगते, फोन वाजला की तुम्ही त्याच्याकडे पाठ करता आणि खिडकीबाहेर बघत बसता. तिच्या त्या खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत आहे. खुशाल बघा भिंत, पण हे वाचा. एका हाताने कागद फाडता येत नाही. दातात धरून फाडाल म्हणा. दात तुमचे सगळे शाबूत आहेत, पडला तो माझा. हे तुम्हाला डिवचायलाच लिहिलंय. तुम्ही चिडलात तर मला बरं वाटेल, कारण तुमचा राग मी जन्मापासून ओळखते. हे गप्प बसणं मात्र माझ्या ओळखीचं नाही.

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही ओळीओळीत ती शोधत बसायला नको. मी तुमचा हात फोडला. उजवा, कामाचा. तो दिवस परत आला तर परत फोडीन. आई म्हणते, खाण तशी माती. बापाने थोबाडीत मारली, लेकीने हातोडा मारला, तुम्ही दोघं एकमेकांना शोभता. ती तुम्हाला न्यायला येणार नाहीये. "स्वतःच्या पायांनी गेलेत, पाय काही मोडले नाहीत त्यांचे," असं म्हणते, आणि तुमचा कामावरचा कोट मात्र दर दोन-चार दिवसांनी झटकून उन्हात घालते. कुणी घालणारं नसलेला कोट इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता.

बेडूक बरा आहे. चालायच्या आधी टबात पाय मारायला लागला म्हणून तुम्ही लेकाला दिलेलं हे नाव, आता हॉस्पिटलातल्या नर्ससुद्धा त्याला याच नावाने हाक मारतात. मांडीचं हाड जुळलंय. काठी घेऊन चालतो, जिना चढताना शिव्या देतो. मांडीवर दरवाजाच्या त्या फटीच्या कडेचा काळपट व्रण अजून आहे आणि येईल त्याला तो पॅन्ट वर करून दाखवतो. डॉक्टरांनी पाण्यापासून लांब राहायला सांगितलं तर म्हणाला, ठीक आहे, उद्यापासून आंघोळ बंद. तो परत पाण्यात उतरणार आहे, बाबा. त्याच गोदीत. त्याबद्दलच लिहायचंय. पण माझ्या पोटात जे साचलंय ते बाहेर पडल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही, तेव्हा जरा धीर धरा. तुम्हाला धीर धरायला सांगणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

तुम्ही मला चारचौघांत "मास्तरीण" म्हणता. हसून म्हणता, पण त्यात टोचणी असते. मग मला पाण्याचं गणित पहिल्यांदा कुणी शिकवलं ते आठवा. घरामागच्या टाकीत तुम्ही मला पातेलं उपडं करून पाण्याखाली दाबायला लावलं होतं. मी दोन्ही हातांनी दाबलं, मग सगळं अंग त्याच्यावर टाकलं, आणि ते बाजूने निसटून असं उसळून वर आलं की माझी हनुवटी फुटली. आई ओरडत बाहेर आली. तुम्ही हसत होतात. म्हणालात, पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तू त्याची जेवढी जागा घेतलीस तेवढ्या पाण्याच्या वजनाने ते तुला वर ढकलणार, तू लाडात आलीस तरी आणि रडलीस तरी. पुढे कॉलेजात हेच मला फळाभर सूत्रं मांडून शिकवलं. मी मागच्या बाकावर हनुवटीचा व्रण चाचपत बसले होते.

आणि तो टेकू. मी शिकून आले आणि तुम्हाला म्हणाले, गोदीच्या दरवाजावर पाण्याचा जोर सगळीकडे सारखा नसतो. वरच्या काठाला काहीच नाही, जसं खाली जाल तसा वाढत जातो, तळाशी सगळ्यात जास्त. सगळा जोर एकाच जागी गोळा झाला असं धरायचं तर ती जागा दरवाजाच्या मध्यावर येत नाही, तळापासून एक तृतीयांश उंचीवर येते. तुमचा टेकू मध्यावर आहे, तो खाली घ्या. "उचलली जीभ लावली टाळ्याला," असं म्हणून तुम्ही निघून गेलात. दुसऱ्या दिवशी टेकू खाली घेतलेला होता. तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी बघितलं, आणि मीही काही बोलले नाही.

काकांचं मात्र तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. मला जे ठाऊक होतं ते इतरांकडून, तुकड्यातुकड्यांनी. तुमचा धाकटा भाऊ, तुमच्याहून चांगला पाणबुड्या. गोदीत पाणी घ्यायच्या तोंडाशी बाहेरच्या बाजूने जाळी साफ करत होता, आणि तो खाली आहे हे माहीत नसलेल्या कुणीतरी वर व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. पाण्याने त्याला कमरेपर्यंत आत ओढलं. चाक उलटं फिरवेपर्यंत व्हॉल्व्ह अडकला. मग साहेबलोक म्हणाले, गोदी भरू द्या, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं झालं की तो आपोआप सुटेल. गोदी भरली, तो सुटलाही, पण त्याची हवेची नळी त्याच्याबरोबर आत ओढली जाऊन केव्हाच चिरली होती. दोर तुमच्या हातात होता. तेव्हापासून तुमच्या तोंडी एकच वाक्य, "थांबणं म्हणजे मारणं." दूध उतू जात असलं तरी तुम्ही ते म्हणायचात आणि आम्ही हसायचो.

तेव्हापासून आपल्या माणसांचा नियमही एकच. पाणबुड्या उतरायच्या आधी प्रत्येक व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी आणि कुलूप, आणि कुलपाची एकमेव किल्ली पाणबुड्याच्या गळ्यात. तो वर येईपर्यंत पाण्याचा थेंब कुणी हलवू शकणार नाही. दुसऱ्या कंपनीची माणसं आपल्याला हसायची. म्हणायची, यांच्याकडे तिजोरीवाला तिजोरीतच जाऊन बसतो. तुम्ही त्यांना काय काय उत्तरं दिलीत ती आईसमोर लिहिता येणार नाहीत, आणि ती आत्ता माझ्या खांद्यावरून वाचतेय. मला तो नियम आवडायचा. दर खेपेला बेडकाच्या गळ्यात किल्ली मीच घालायचे.

त्या दिवशीही घातली. गोदी कोरडी होती, मध्ये ठोकळ्यांवर ते मोठं जहाज उभं, दोन्ही बाजूंनी टेकू दिलेले, डाव्या पोटाचा पत्रा कापून काढलेला, आत माणसं काम करत होती. दरवाजाच्या आत कोरडी फरशी आणि बाहेर नऊ मीटर पाणी. तळाचं रबर सुटलं होतं आणि फटीतून पाण्याची धार आत येत होती. बेडकाने बाहेरून जाऊन कॅनव्हास आणि पाचर ठोकायची, एवढंच काम. तो फटीच्या बाजूला उभा राहिला होता, समोर नाही. सगळं नीट करत होता. आणि उरलेलं रबर एकदम फाटलं. मी वर काठावर, त्याच्याशी बोलायच्या फोनवर होते. आधी एक हुंदका ऐकू आला, मग किंकाळी. मांडीपर्यंत पाय फटीत, बाकीचं अंग दरवाजाला चिकटलेलं.

मला माझ्या डोक्याची लाज वाटली, बाबा, कारण पहिली गोष्ट काय सुचली असेल तर आकडा. फट दीड फूट लांब आणि फूटभर उंच. नऊ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला नऊ टन. म्हणजे माझ्या भावाच्या मांडीवर सव्वा टन. त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला रिकामी हवा, मग पाणी त्याला सोडेल कशाला? त्याला बाहेर ओढायचं तर क्रेनला सव्वा टनाशी झोंबावं लागणार, आणि त्या झोंबाझोंबीत आधी सुटेल ते त्याचं खुब्याचं हाड. एकच उपाय होता. गोदीत पाणी सोडायचं. आतलं पाणी जसं चढेल तसा तो जोर उतरत जाईल, आणि दोन्हीकडे पातळी एक झाली की सव्वा टनाचं शून्य होईल. आणि व्हॉल्व्हला कुलूप होतं, आणि किल्ली नऊ मीटर खाली त्याच्या गळ्यात होती.

मी हातोडा उचलला तो कुलपासाठी. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. तुम्हाला वाटत असेल, मी तो तुमच्यासाठी उचलला. मी कुलपाकडे धावले आणि तेवढ्यात डोक्यावर क्रेनचा आवाज बदलला. क्रेनवाला जिराफ शिडीच्या पायथ्याशी पडलेला, तुम्ही त्याला केबिनमधून ढकलून दिलं होतं, आणि तुम्ही दांड्यावर. बेडकाचा दोर तुम्ही क्रेनच्या हुकात अडकवला होता, तो ताठ झाला. फोनचा कर्णा चालू होता, सगळ्या गोदीने ते ऐकलं. आधी तो "ओढा, बाबा, ओढा" असं ओरडत होता. मग त्यात शब्द उरले नाहीत. डुकराला मारताना होतो तसा तो आवाज होता, आणि तुम्ही दांडा आणखी खेचलात.

मी शिडी कशी चढले मला आठवत नाही. "बाबा सोडा, तो फाटेल," असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "पाय गेला तर गेला, पोरगं तर येईल." मी म्हणाले, पाय नाही, कंबरेपासून जाईल, पाणी सोडूया, थोडं थांबा. "थांबा" हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि तुमचा हात आला. मी केबिनच्या काचेवर आपटले, काच तडकली, दात जिभेवर आला आणि तोंड रक्ताने भरलं. खालून गोदीचे प्रमुख बोंबलत होते, "व्हॉल्व्हला हात लावाल तर खबरदार, जहाज उघडं आहे!" आणि तुमचा हात परत दांड्यावर गेला. मला वाटलं, तुम्ही त्यांचंच ऐकताय. मला वाटलं, या माणसाला जहाज हवंय. हातोडा वर गेला तो या विचाराने गेला. पहिल्या घावाला तुम्ही दांडा सोडला नाहीत. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे, आणि दोघांनाही कळलं की तुम्ही सोडणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते तुमच्यासाठीच म्हटलंय. मग दुसरा मारला. हाडं मोडल्याचा आवाज मला हातोड्याच्या दांड्यातून हातात कळला. दोर सैल पडला आणि खालून कर्ण्यावर त्याचा श्वास ऐकू आला. जिराफाने परत वर चढून तुम्हाला मागून मिठी मारून धरलं. त्याच्या बरगड्यांवर तुम्ही कोपर मारलं त्याची खूण तो अजून दाखवतो, मोठ्या अभिमानाने.

कुलूप तीन-चार घावांत गेलं. आपण घेतलेलं कुलूप इतकं हलकं निघालं, हेही नंतर बोलू. प्रमुख माझ्या दंडाला लोंबकळत होते, मी त्यांना हिसडा दिला तर ते टोपीसकट पाण्याच्या खळग्यात बसले. जहाजातली माणसं बाहेर काढायला मी आपल्या दोन माणसांना पाठवलं आणि शेवटचा माणूस जिन्यावर दिसल्यावरच चाक फिरवलं. पाणी आत आलं ते बघण्यासारखं नव्हतं, बाबा. तोंडातून पांढरं होऊन आलं, फरशीवरचे ड्रम, शिड्या, लाकडं सगळं चिंध्यांसारखं फेकत गेलं. टपरीएवढा वेल्डिंगचा गाडा उलटा होऊन भिंतीवर आदळला. आणि तरीही ते मला हळू वाटत होतं. गोदी केवढी मोठी. पाणी गुडघाभर झालं तेव्हा जोर जेमतेम कमी झाला होता. मी काठावर उभी राहून भिंतीवरच्या मीटरच्या खुणा बघत होते आणि दर खुणेला वजाबाकी करत होते. एक टन. पाऊण. मध्येच आठवलं की हे मी कुणाच्या तरी मांडीचं मोजतेय, आणि तरी पुढची खूण शोधली.

जहाज पडणार हे मला माहीत होतं, कुणी मला अडाणी समजू नये. डावं पोट उघडं, त्यात पाणी शिरणार. उजवी बाजू बंद, ती उपड्या पातेल्यासारखी वर यायला बघणार. एक बाजू उठते आणि दुसरी उठत नाही, मग ते उभं कसं राहील? प्रमुख तिथवर आले, भिजलेले, आणि हात जोडून म्हणाले, "अर्ध्यावर थांबव, बाई, अर्ध्यावर जहाज उठणार नाही." खरं होतं त्यांचं. पण अर्ध्यावर माझ्या भावाच्या पायावर सहाशे किलो उरत होते. मी चाक तसंच ठेवलं. पाणी जहाजाच्या लाल पट्ट्याला लागलं तेव्हा ते कण्हलं. मग उजवीकडचे टेकू सैल पडून एकेक करत पाण्यात कोसळले आणि डावीकडचे तोफेसारखे फुटले. एक सबंध ओंडका आपल्या ऑफिसची भिंत फोडून तुमच्या खुर्चीत जाऊन पडला. जहाज आडवं झालं. ती लाट काठावरून आली आणि आम्हा सगळ्यांना पायांतून उचलून आपटून गेली. कुणी मेलं नाही. लाट ओसरली तेव्हा मी दोन्ही हातांनी लोखंडी खुंटी धरून आडवी पडले होते आणि कर्ण्यावर तुमचा आवाज येत होता.

तुम्ही काय बोलताय ते पाण्याच्या आवाजात मला तेव्हा कळलं नव्हतं. मी चाकाशी होते, मग काठावर. फोन कुणाच्या हातात आहे हे मी बघितलंच नाही. तुम्ही तो डाव्या हाताने धरून, मोडलेला हात पोटाशी घेऊन, सबंध वेळ त्याच्याशी बोलत होतात. गोदी भरून तो सुटेपर्यंत एकदाही फोन खाली ठेवला नाहीत. "डोळे मिटलेस तर वर आल्यावर कान उपटून हातात देईन," हे मी कधीतरी ऐकलं. बाकीचं बेडकाने मला हॉस्पिटलात सांगितलं, तेही किती दिवसांनी, भिंतीकडे तोंड करून. तुम्ही त्याला काकांचं सांगितलंत. मला कधी नाही, आईला नाही, त्याला, तिथे. की काकांनी दोराला तीन झटके दिले होते. तीन झटके म्हणजे "मला ओढा", हे आपल्या घरातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांनी तीन दिले, परत तीन दिले, परत दिले, आणि साहेब म्हणाला थांबा, म्हणून तुम्ही ओढलं नाहीत. मग झटके हलके होत गेले. तुम्ही त्याला म्हणालात, "तेव्हा मी थांबलो रे. तुझ्या वेळी थांबणार नव्हतो. ताईने हात फोडला."

हे कळलं तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. पहिला. तोपर्यंत तुम्ही आत्याकडे जाऊन बसला होतात आणि भिंत बघायला लागला होतात. मला वाटलं होतं, तुम्ही माझं तोंड बघायचं नाही म्हणून गेलात. आता वाटतं, तुम्ही बेडकाचा पाय बघितलात, शाबूत, आणि तुम्हाला कळलं की तुम्ही ओढलं असतं तर तो आज नसता. आणि मग काकांच्या वेळी थांबलात ते तरी बरोबर होतं का चूक, हे तुम्हाला कळेनासं झालं. मी तुमचीच मुलगी आहे, बाबा. तुम्ही भिंतीत काय बघता ते मला इथून दिसतं.

म्हणून मी एक काम केलं. काकांना ज्याने धरलं तो जुना व्हॉल्व्ह गोदीने फेकला नव्हता. शेडमागच्या भंगारात पडलाय, त्यात कुत्रीने पिल्लं घातली होती. पिल्लं बाजूला केली, ती कुत्री मला चावली, आणि मी टेपने त्याचं तोंड मोजलं. दोन फूट रुंद, गोल. ते तोंड बसवलेल्या जागेची खोली जुन्या भिंतीवर अजून लिहिलेली आहे, अकरा मीटर. गुणाकार मी तीनदा केला, मग बेडकाकडून करून घेतला, तो गणितात ढ आहे तरी त्याचंही तेच आलं. तीन टनांच्या वर, बाबा. तेव्हा क्रेन नव्हती. दोरावर तुम्ही आणि तुमची पाच माणसं. सहा माणसांनी जीव काढून ओढलं तरी त्या जोराच्या दहाव्या हिश्शालाही पुरत नव्हतं. तुम्ही पहिल्या झटक्याला ओढलं असतं, साहेबाच्या थोबाडीत देऊन ओढलं असतं, तरी काका वर आले नसते. दोर तुटला असता, नाहीतर ते. तुमचा हात थांबला म्हणून ते मेले नाहीत. पाण्याने मारलं त्यांना, आणि न बघता चाक फिरवणाऱ्याने. आकड्यावर तुमचा विश्वास नाही, पण टेकूच्या वेळी ठेवला होतात, तसाच आत्ता कुणाच्या नकळत ठेवा. मी काही बोलणार नाही.

आता ज्यासाठी लिहितेय ते. दरवाजाचं रबर फाटल्याने गोदी कोरडी करता येत नाही, जहाज अजून पाण्यात आडवं आहे आणि गोदीवाले म्हणतात, तुम्ही पाडलंत, तुम्हीच उचला. येत्या सोमवारी बेडूक उतरणार आहे. डाव्या पोटाच्या भोकाला आतून पत्रा लावायचा, पंपाची नळी बसवायची, मग पाणी उपसायचं. किती उपसलं की ते उठेल ते मी काढलंय, आणि ते बरोबर आहे. पण पाण्याबरोबर आत येऊन साचलेल्या चिखलात ते रुतलंय, आणि चिखलाची पकड किती याचं सूत्र माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. चिखल धरून ठेवेल तोवर ते हलणार नाही, आणि सोडेल तेव्हा त्या पातेल्यासारखं उसळेल, आणि तेव्हा माझा भाऊ त्याच्या पोटात असता कामा नये. वाळूचा बुडालेला पडाव वर काढताना तुम्ही दोरावर दोन बोटं ठेवून "हलला" म्हणाला होतात, तेव्हा पाण्यावर बुडबुडाही आला नव्हता. मी दुसरा माणूस बघितला, चांगला आहे. बेडूक म्हणतो, दोर बाबांच्या हातात नसेल तर मी दोरच बांधणार नाही, तसाच उतरेन. तो उतरेल, बाबा, तुम्ही त्याला ओळखता. डावा हात पुरे आहे दोराला. पाकिटात किल्ली आहे ती नव्या कुलपाची, जड कुलूप घेतलंय. आता किल्ल्या दोन, एक खाली जाणाऱ्याच्या गळ्यात आणि एक दोर धरणाऱ्याच्या. तुमची खुर्ची जिराफाने दुरुस्त केली, कोट तयार आहे. आणि मी पंपाशी असताना तुमच्या बोटांना माझं गणित चुकतंय असं वाटलं, तर मला समजावत बसू नका, मीही बसले नव्हते. हातोडा तुमच्या खुर्चीशी ठेवलाय.

तुमचीच,
मास्तरीण